काड्यांचा त्रिकोण

आज रविवार. माढ्याच्या वसतिगृहात पेटी आवरताना गेल्या वर्षीच्या वह्यांची कोरी पानं निघाली. सुई-दोरा घेऊन कच्ची वही शिवली. आई जुन्या लुगड्यांची वाकळ शिवते, तोच टाका. घरी कधी जमला नव्हता!

मग अरविंद गुप्तांची खेळणी. आयआयटीतून शिकलेला हा माणूस टाकाऊतून विज्ञान शिकवतो. २०१८ ला पद्मश्री मिळाली. सायकलवाल्याकडून वॉल्व्हची रबरी नळी आणली, बारीक तुकडे केले, त्यांनी काडेपेटीतल्या काड्या जोडून चौकोन आणि त्रिकोण केला. चौकोन बोट लावताच कलंडला. त्रिकोण हलेना. भूमितीच्या तासाला हे का दाखवत नाहीत, कोण जाणे.

तेवढ्यात रेक्टर सर आले. "काडेपेटी कुणाकडंय रे?" काड्यांचे गुल आधीच खरडले होते, म्हणून वाचलो.