नकाशात न मावलेले

1965 साली 'मार्ग' या नियतकालिकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मुंबईच्या ठाणे खाडीपलीकडे नवे शहर, म्हणजे आजची नवी मुंबई, वसवण्याचा विचार मांडला. त्यासाठी 1970 मध्ये सिडको हे महामंडळ स्थापन झाले. 1973 मध्ये विकास आराखडा प्रसिद्ध झाला, 1979 मध्ये मंजूर झाला. 344 चौरस किलोमीटर, 95 गावे. इतके पुढचे पाहणारा आराखडा देशात क्वचितच झाला असेल. त्यात गावठाणे संपादनातून वगळली होती. म्हणजे घरे राहिली. घरे ज्यावर जगत होती ते गेले.

या शहरातल्या रबाळे गावाच्या पूर्वेला ठाणे-बेलापूर पट्ट्यात एमआयडीसी त्याआधीच, साठच्या दशकात आली होती. पश्चिमेला सिडको आली. मधे गाव. रबाळे, गोठीवली, तळवली, घणसोली या पट्ट्यातून जे गेले किंवा जात आहे, त्यातले थोडे इथे.

बांध. भरतीचे पाणी अडवणारा, खाजणातल्या चिखलाची ढेकळे रचून घातलेला. आत भात, बाहेर खाडी. चिंबोरीने एक बीळ पाडले आणि वेळेत बुजवले नाही, तर खारे पाणी सगळ्यांच्या शेतात शिरे. म्हणून बांध कुणा एकाचा नसे. पावसाआधी तो गावाने बघायचा.

उघाडी. बांधातली लाकडी झडप. भरतीच्या दाबाने आपोआप मिटते, ओहोटीला उघडते, शेतातले पावसाचे पाणी बाहेर जाते. पुढे सिडकोने सखल भागात धारण तलाव खोदले आणि त्यांच्या तोंडाशी झडपा बसवल्या. तत्त्व तेच. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकत्र आली की या शहराचा जीव अजूनही त्याच तत्त्वावर तरतो. पण ते इथल्या आगरी-कोळी माणसाला आधीपासून ठाऊक होते, ही नोंद मला शहराच्या कोणत्याही फलकावर दिसलेली नाही. गोव्यात अशाच झडपेला मानस म्हणतात. तिथल्या खाजन जमिनींचे नकाशे करावेत, त्या राखाव्यात, असे केंद्राच्या 2011 च्या किनारा नियमन अधिसूचनेत लिहिले आहे. समुद्र तोच, चिखल तसाच. तिकडे ते कायद्यात आले, इकडे भरावाखाली.

खारीतला तांबडा भात. पेरणी थांबली की बियाणे घरात फार काळ टिकत नाही.

मिठागरे. एका वाफ्यातून दुसऱ्यात खारे पाणी खेळवत, उन्हाने घट्ट करत, शेवटच्या वाफ्यात मीठ धरायचे. पाणी कधी सोडायचे, कधी थांबवायचे, हे उन्हावरून, वाऱ्यावरून आणि जिभेवरून ठरे. मिठागरे पडीक झाली, तिथे कांदळवन आले. ते चांगलेच झाले. ठाणे खाडीतले रोहित पक्ष्यांचे अभयारण्य 2015 मध्ये जाहीर झाले, 2022 मध्ये खाडीला रामसर दर्जा मिळाला. पक्ष्यांना मिळाले ते मिळायलाच हवे होते. पण त्याच चिखलात पिढ्यानपिढ्या वावरलेल्या माणसांच्या कसबाला कसलाच दर्जा नाही, याचे वाईट वाटते.

पाग टाकणारा हात. निवटी कुठल्या बिळात आहे ते ओळखणारी नजर.

खळे, कणगी, इरले.

शेतांची नावे. प्रत्येक तुकड्याला नाव होते: झाडावरून, उतारावरून, तिथे कुणाचे काय झाले त्यावरून. संपादनाच्या कागदावर फक्त सर्व्हे नंबर आले. आता त्या जागी सेक्टर आहेत.

पारसिकाच्या डोंगराचे काही उतार. खडी होऊन ते याच शहरात आहेत.

कौलारू घर. कारवीच्या कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेली जमीन, पुढे पडवी. त्या जागी तीन-चार मजले उभे राहिले, खोल्या भाड्याने गेल्या. याचा दोष गावकऱ्यांना देणे मला मान्य नाही. शेत गेले, कुटुंब वाढले, गावठाणाची हद्द तेवढीच राहिली. 'गरजेपोटी बांधलेली घरे' हे शब्द सरकारी कागदातही आहेत. जानेवारी 1984 मध्ये सिडकोच्या भूसंपादनावरून दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात, जासई परिसरात, गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. संपादित जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित जमीन हाती यायला पुढे आणखी वर्षे गेली. पोटाची लढाई चालू असताना पडवी राखा म्हणून कुणी कुणाला सांगायचे?

धवला. आगरी लग्नात हळदीपासून प्रत्येक विधीला धवलारीण गाते. तिच्या मागे बसून शिकणाऱ्या मुली कमी झाल्या. हॉल तासांच्या हिशेबाने मिळतो, तिचे गाणे रात्रभराचे.

तळे. गावोगावची तळी अजून आहेत. या यादीतले तेवढेच आपल्या जागी उरले आहे. काठ बांधून काढले, विसर्जनासाठी काही तळ्यांत गॅबियन भिंती घातल्या.

मुंबईत वारसा नियमावली 1995 मध्ये आली आणि गिरगावातली खोताची वाडी वारसा यादीत गेली. तिथे दाखवायला लाकडी जिने होते, सज्जे होते. रबाळ्याकडे श्रेणी देता येईल अशी इमारत नाही. मातीचा बांध, लाकडी झडप, तोंडी असलेले शेताचे नाव, यांना वारसा मानणारा रकानाच वारसा यादीत नसतो. नवी मुंबई महानगरपालिका 1992 मध्ये अस्तित्वात आली. तिच्या पहिल्या विकास आराखड्याचा मसुदा, 2018 ते 2038 या काळासाठीचा, 2022 मध्ये लोकांपुढे आला. वीस वर्षांचे रस्ते, उद्याने, शाळा आरक्षणात मांडता येतात, तर एक रकाना आणखीही मांडता येईल. त्यात जुन्या उघाड्यांच्या जागा, बांधांच्या रेषा, विहिरी, गावदेवीची ठिकाणे आणि तळ्यांचे मूळ काठ जुन्या गावनकाशांवरून उतरवावेत. शेतांची नावे लिहून घ्यायला मोजणीदाराबरोबर गावातल्या म्हाताऱ्या बायकांना न्यावे, कारण लावणी त्यांनी केली आहे. सेक्टरच्या पाट्यांखाली ती नावे लागावीत. धवलारणींचा आवाज महापालिकेने ध्वनिमुद्रित करून ठेवावा, त्यांना त्याचे मानधन द्यावे. आणि हे काम पुढच्या आराखड्यावर ढकलू नये. ज्यांना हे सांगता येते, त्यांची वये सत्तरीच्या पुढे आहेत.