पट आणि गळती

२०२५च्या उन्हाळ्यात मी लेकीकडे अमेरिकेत होते. शेजारचा एक मुलगा रोज संध्याकाळी अंगणात एकटाच चेंडू फेकत असायचा. फुटबॉलचाच, पण तिकडचा, हातात धरून पळायचा. "आजी, त्याला कॉलेजच्या टीममधून काढलं. रोस्टर लहान केलं ना," नातू म्हणाला.

रोस्टर म्हणजे पट! हा तर माझा रोजचा शब्द. मग नातवाला समोर बसवून सगळं समजून घेतलं.

मोठ्या कॉलेजांना १९९४पासून शिष्यवृत्तीवरचे ८५च खेळाडू ठेवता यायचे. नवे मात्र कित्येक वर्षं दरसाल २५ पर्यंत घेता येत. चार वर्षांचे झाले शंभर. म्हणजे १५ मुलं मध्येच गळणार, हे गणितातच धरलेलं! कुणी जायबंदी होतं, कुणी अभ्यासात मागे पडतं, कुणी तीन वर्षांनी व्यावसायिक संघाकडे वळतं. तेवढ्यानं भागलं नाही, तर 'तुला दुसरीकडे जास्त खेळायला मिळेल' असं प्रशिक्षक गोड बोलून सांगणार. २०२१पासून मुलांनाही एक वर्ष न थांबता कॉलेज बदलून खेळता येऊ लागलं. त्यामुळे आता गळती दोन्ही बाजूंनी.

जून २०२५ मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी एका मोठ्या तडजोडीला मंजुरी दिली. ती स्वीकारणाऱ्या कॉलेजांना शिष्यवृत्तीची मर्यादा उरली नाही, पण पूर्ण पटच १०५चा झाला. स्वतःच्या पैशानं शिकून संघात सराव करणारी मुलं, ज्यांना तिकडे 'वॉक-ऑन' म्हणतात, ती आधीच कापली गेली होती. शेजारचा मुलगा त्यातलाच. अशा मुलांना १०५ मध्ये मोजायचं नाही, असं न्यायाधीशबाईंनी करून घेतलं. पण परत घ्यायचं की नाही, हे कॉलेजनं ठरवायचं.

मला आमचा जून महिना आठवला. पट घटला की शिक्षक 'अतिरिक्त' ठरायचा, म्हणून आम्ही वस्तीवर घरोघर फिरायचो. धाकट्या भावाला सांभाळायला घरी राहिलेली मुलगी, आईबापांबरोबर कामाला निघालेला मुलगा, सगळ्यांची मनधरणी करायचो. त्यात आमचा स्वार्थ होता, नाही कशाला म्हणू? पण त्या स्वार्थानं मूल शाळेत राहायचं. हजेरीपुस्तकातल्या नावावर लाल रेघ मारताना हात जड व्हायचा.

तिथल्या प्रशिक्षकालाही वाईट वाटत असेल. पण त्याचं गणित सुटायला कुणीतरी गळावंच लागतं. माणूस तोच असतो हो, नियम त्याला कुठे ढकलतो ते पाहायचं.

परवा फोनवर नातवाला विचारलं, "त्या मुलाला बोलावलं का रे परत?"

"नाही गं आजी. पण कॉलेज सोडलं नाही त्यानं."

चला, एका पटावर तरी नाव आहे.