घरचं भांडं वावरात जातं, वावरातलं घरी येत नाही



दिवाळीआधी घर काढलं की सांदीकोपऱ्यातून जुनी भांडी निघतात. त्यांची वाटणी आमच्या घरी ठरलेली आहे. तांबं, पितळ निघालं तर ते इतवारीला मोडीत. दुकानदार वजन करून मोडीचा भाव धरतो, वरचे पैसे टाकून नवं भांडं आणायचं. आमच्या उमरेडकडचे लोक पूर्वी नागभीडच्या छोट्या गाडीत गाठोडं घेऊन थेट इतवारी स्टेशनला उतरायचे. ती गाडी २०१९ मध्ये बंद झाली. आता आम्ही एसटीनं जातो. गाठोडं बांधायच्या आधी घरी एकदा वजन करून घ्या, एवढं सांगते.

जर्मनला तांब्या-पितळेएवढा भाव येत नाही. म्हणून पोचे पडलेला जर्मनचा गंज, गार न करणारा माठ, बोथट सुरी, कोपऱ्यातला पाटा हे सगळं वावरात जातं. कोणतं कशाला लागतं ते लिहिते.

माठ : जुन्या माठाची बारीक छिद्रं क्षारानं बुजतात, म्हणून पाणी गार होत नाही. तसाच जमिनीत गाडला तर पाझरतही नाही. बुडाला लहान भोक पाडून सुती चिंधीची वात घट्ट बसवा आणि नव्या कलमाच्या बाजूला गळ्यापर्यंत पुरा. वर झाकणी ठेवा, नाहीतर डास होतात.

सुरी : स्टेनलेसची नको, साधी लोखंडी. संत्र्यासाठी एक टक्का बोर्डो करताना १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी लागते. दोन्ही वेगवेगळं भिजवून मग एकत्र करायचं. घासून चकचकीत केलेली सुरी त्यात थोडा वेळ बुडवा. पातं तांबूस झालं तर चुना कमी पडला, आणखी निवळी टाका. मोरचूद प्लास्टिकच्या नाहीतर मातीच्या भांड्यातच भिजवा. जर्मनच्या गंजात मोरचूद नको आणि चुनाही नको, दोन्ही त्याला खातात. त्या गंजात ढोरांना, पाखरांना पाणी ठेवा.

पाटा : निंबोळी वाटायला. ५ किलो निंबोळी वाटून रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळायची, २०० ग्रॅम साबण विरघळवून टाकायचा आणि पाणी घालून १०० लिटर करायचं.

आता मुख्य गोष्ट. मागच्या हंगामात आमच्या शिवारात एका वावरात औषध मापायचा स्टीलचा गिलास पिण्याच्या पाण्याजवळ राहून गेला. निंदणाची एक बाई त्यानंच पाणी प्याली. गिलास दिसायला स्वच्छ होता, तिला काय माहीत? उलट्या सुरू झाल्या, चार दिवस दवाखान्यात होती. वाचली. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर माणसं गेली. ते फवारताना झालं, हे गिलासानं. पण विष तेच.

तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे. औषधाला जे भांडं लागलं, त्याच्या काठाजवळ खिळ्यानं दोन भोकं पाडायची. बुडाला नाही, काठाला, म्हणजे मापायच्या कामाला येतं. वर लाल रंगाचा पट्टा. भोकांतून तार ओवून ते वावरातच, लेकरांच्या हाताला लागणार नाही असं उंच टांगायचं. ज्याला वाचता येत नाही त्यालाही भोक दिसतं, अंधारात बोटालाही लागतं. सासूबाई आधी म्हणाल्या, "चांगल्या गिलासाले भोक कायले पाडतं वो?" आता त्याच नवीन मजुराला आधी तो गिलास दाखवतात.

औषधाच्या रिकाम्या डब्यांचं तर विचारूच नका. धुऊन त्यात तेल, तिखट भरणारी घरं अजून आहेत. १९७१ च्या कीटकनाशक नियमांत रिकामी डबडी फोडून वस्तीपासून दूर पुरायला सांगितलं आहे.

आणि औषधाचं भांडं अख्खं भंगारात देऊ नका. चांगलं दिसलं तर घासून, चमकवून कोणी पुन्हा विकायला ठेवेल आणि ते कोणाच्या तरी चुलीवर चढेल. भोक पाडलेलं असलं तर ते वितळवायलाच जाईल.