पाण्यावरची रेघ

पाण्यावर रेघ टिकत नाही हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण चाळीच्या सामाईक गॅलरीतसुद्धा खडूने हद्द आखणाऱ्या माणसाला समुद्र तरी मोकळा कसा बघवावा? १९८१ साली ट्यूना माशांसाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय आयोगाने अटलांटिक महासागरात ४५ अंश पश्चिम रेखांशावर अशीच एक रेघ ओढली.

निमित्त होतं ब्लूफिन ट्यूनाचं. आपल्या कोळ्यांच्या कुप्याचा हा थोराड चुलता. त्याची घराणी मुख्यतः दोन. एकाचं माहेर मेक्सिकोचं आखात, दुसऱ्याचं भूमध्य समुद्र. तेव्हा रेघेच्या अलीकडचे मासे वेगळे मोजावेत, पलीकडचे वेगळे, असा ठराव झाला. माशांना मात्र तो कुणी कळवला नाही!

१९९६ पासून बार्बरा ब्लॉक या विदुषी आणि त्यांचे सहकारी अमेरिकेच्या उत्तर कॅरोलायनाजवळ मासे धरून, त्यांच्या पोटात एक लहानसं यंत्र शिवून, त्यांना पुन्हा सोडू लागले. हे यंत्र पाण्याची खोली, ऊब आणि बाहेर ठेवलेल्या बारीक तारेतून उजेड टिपतं. दिनमानावरून अक्षांश निघतो, मध्यान्हीच्या वेळेवरून रेखांश. माशाच्या पोटात पंचांगच म्हणा ना! पुढे तो मासा कुणा कोळ्याला सापडला, की यंत्र परत येतं आणि कोळ्याला बक्षीस मिळतं. दुसऱ्या तऱ्हेचं यंत्र पाठीवर अडकवतात. ते नेमल्या दिवशी सुटून वर येतं आणि उपग्रहाला हकीगत कळवतं.

या रोजनिशा वाचल्या तेव्हा कळलं, की मासे ती रेघ खुशाल ओलांडतात. काही तर दोन महिन्यांच्या आत महासागर पार करतात. चरायला दोन्ही घराणी एका पंगतीला. वीण घालायला मात्र जो तो आपल्या माहेरी, नवरोबांसकट!

ऐकायला हे गोड आहे, पण मेख इथेच आहे. पश्चिमेचं घराणं लहान, अति मासेमारीने खंगलेलं. त्या घरची लेक पूर्वेच्या जाळ्यात सापडली, तर नोंद पूर्वेच्या खात्यावर आणि खड्डा पश्चिमेच्या घरात! मग पश्चिमेने कितीही उपास काढले, तरी घर भरायचं कसं?

२०२२ साली आयोगाने किती मासे धरावेत हे ठरवण्याची नवी रीत स्वीकारली. तिच्यात ही सरमिसळ हिशेबात घेतली आहे. रेघ नकाशावर अजून आहे. पण तिच्यावर कुणी डोळे मिटून विसंबत नाही.

ज्याचा कारभार करायचा, त्याला आधी विचारावं, ही साधी गोष्ट. ती शिकवायला माशाला पोटात यंत्र वागवावं लागलं!