दोन डबे

मुलांनो, तुमच्या घरात दोन डबे घेऊन कामावर जाणारे कोणी आहे का? मी जाते. रात्रपाळीला निघाले की माझ्या पिशवीत दोन डबे असतात, एक मोठा आणि एक छोटा. फाटकावरचे वॉचमनकाका कधी कधी विचारतात, "सिस्टर, घर सोडून निघालात की काय?" मी हसते आणि पुढे जाते. या दोन डब्यांची हकिकत सुरू होते ती माझ्या हातून होता होता राहिलेल्या एका मोठ्या चुकीपासून. ती सांगताना मला आजही संकोच वाटतो. पण तुमच्यापैकी कोणी उद्या नोकरी कराल, कोणी मैदानावर धावाल, आणि कोणी दोन्ही एकदम करू पाहाल. म्हणून सांगते.

मी मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात परिचारिका आहे. आमच्या कामाच्या तीन पाळ्या असतात: सकाळची, दुपारची आणि रात्रीची. पाळी बदलली की झोपेची वेळ बदलते, जेवणाची वेळ बदलते. घरी नवरा, शाळेत जाणारा मुलगा आणि सासूबाई आहेत. सगळ्यांचे सगळे करून जो वेळ उरेल तो माझा. आणि तो बहुधा उरत नाही.

2021 सालची गोष्ट. एके दिवशी रुग्णालयाची लिफ्ट बंद पडली होती. एका रुग्णासाठी रक्ताची पिशवी घेऊन मी चौथ्या मजल्यावर घाईने चढून गेले. वर पोहोचल्यावर डॉक्टरांनी काही विचारले, तर मला बोलताच येईना, एवढी धाप लागली होती. माझे वय तेव्हा छत्तीस. रोज रुग्णांना "चालत जा, व्यायाम करा" असे सांगणारी मी! मला स्वतःचीच लाज वाटली.

दुसऱ्याच आठवड्यात मी शिवाजी पार्कवर गेले. आमचे घर माहीमला, त्यामुळे ते मैदान जवळ. मैदानाच्या भोवती बसायला कट्टा आहे. त्याच्या कडेने एक फेरी मारली तर सव्वा किलोमीटरला थोडे कमी भरते. पहिल्या दिवशी त्या एका फेरीत मी तीनदा थांबले. कट्ट्यावर बसलेले आजोबा म्हणाले, "सावकाश, बाई, सावकाश. पार्क कुठे पळून जात नाही." सहा महिन्यांनी मी न थांबता पाच फेऱ्या मारू लागले.

मुलांनो, धावण्यात मला काय मिळाले म्हणाल, तर अर्धा तास कोणी मला "सिस्टर" म्हणून हाक मारत नव्हते. "आई" म्हणूनही नाही. कानांत फक्त स्वतःच्या पावलांचा आवाज. ज्यांना दिवसभर हाका येतात त्यांनाच याचे मोल कळेल.

पुढे हाव सुटली. मुंबईत 2004 पासून जानेवारी महिन्यात किंवा त्याच्या आसपास मोठी मॅरेथॉन शर्यत होते. पूर्ण मॅरेथॉन 42 किलोमीटर 195 मीटरांची, आणि अर्धी, म्हणजे हाफ मॅरेथॉन, 21 किलोमीटरांहून थोडी जास्त. 2023 च्या हाफ मॅरेथॉनसाठी मी नाव नोंदवले. इथून माझे गणित बिघडले.

जास्त धावायचे तर वेळ हवा. ड्यूटीतून वेळ काढता येत नाही. मुलाच्या अभ्यासातून काढवत नाही. मग उरली झोप. रात्रपाळी संपवून मी घरी न जाता थेट पार्कवर जाऊ लागले. शिवाय लवकर बारीक व्हायचे होते. वजन कमी झाले की पाय हलके पडतील, असा माझा हिशोब. म्हणून भात बंद केला, पोळी एकच ठेवली. रात्रपाळीत तर चार कप चहा आणि बिस्किटे, एवढेच. काटा खाली येत होता. मैत्रिणी म्हणत, "किती छान दिसतेस!" मला वाटे, सगळे जमले. जिना चढताना पुन्हा धाप लागू लागली होती. पण तिकडे मी लक्षच दिले नाही.

नोव्हेंबर 2022 मधली ती पहाट मला विसरता येत नाही. लागोपाठची चौथी रात्रपाळी होती. आदल्या सकाळी मी चौदा किलोमीटर धावले होते आणि दुपारी जेमतेम तीन तास झोपले होते. आमच्या वॉर्डात मधुमेहाच्या रुग्णांना नाश्त्याआधी इन्शुलिनचे इंजेक्शन द्यावे लागते. अकरा नंबरच्या खाटेवर एक आजी होत्या. त्यांच्या कागदावर लिहिले होते, 8 युनिट. मी सिरिंज भरली. आमच्याकडे एक नियम आहे: इन्शुलिन भरले की ते दुसऱ्या सिस्टरला दाखवायचे आणि मगच द्यायचे. मी सिरिंज पुढे केली.

माझ्या सहकारी सिस्टरने सिरिंज पाहिली, कागद पाहिला, पुन्हा सिरिंज पाहिली.

"किती भरलंस?"

"आठ."

"नीट बघ."

मी उजेडात धरून रेघा मोजल्या. अठरा होते.

तुम्हाला यातला धोका कदाचित कळणार नाही. इन्शुलिन रक्तातली साखर कमी करते. गरजेपेक्षा जास्त दिले तर साखर फार खाली जाते. घाम फुटतो, हातपाय थरथरतात, माणूस बेशुद्ध पडतो. वेळीच लक्षात आले नाही तर जीवही जातो. आजी खाटेवर बसून माझ्याकडे बघत होत्या. "काय झालं गं, पोरी?" त्यांनी विचारले. मी "काही नाही, आजी" म्हणाले. माझा हात इतका कापत होता, की ते इंजेक्शन शेवटी माझ्या सहकारीनेच पुन्हा भरून दिले.

ड्यूटी संपल्यावर मी आमच्या इन-चार्ज सिस्टरांना सगळे सांगितले आणि लिहूनही दिले. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "काल रात्री काय जेवलीस?" मला उत्तर देता आले नाही.

माझी सहकारी मात्र गप्प बसणारी नव्हती. ती दरवर्षी रमजानचे रोजे ठेवते. रात्रपाळी असो वा दिवसपाळी. त्या सकाळी कँटीनमध्ये तिने माझ्यासमोर आम्लेट-पाव ठेवला आणि म्हणाली, "अगं, मी वर्षातून एक महिना उपाशी राहते, तेही सहरी करून. सहरीला काय खायचं, इफ्तारला काय खायचं, कधी झोपायचं, सगळं ठरलेलं असतं. तू तर रोज बिनसहरीचा रोजा धरून धावतेस, आणि इफ्तार चहा-बिस्किटावर!"

मला हसू आले आणि रडूही आले.

रक्त तपासले. स्त्रियांचे हिमोग्लोबिन साधारण 12 च्या खाली असू नये. माझे 9.6 होते. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि सांगितले, "धावणं सोडू नका, पण ही जानेवारी विसरा." शर्यतीचे पैसे भरलेले होते. ते परत मिळाले नाहीत. त्या रविवारी घरासमोरून धावणाऱ्या लोकांची गर्दी जात होती आणि मी खिडकीत उभी राहून मुलाच्या शर्टाची बटणे लावत होते. खूप वाईट वाटले, हे कबूल करते.

त्या रिकाम्या दिवसांत मी वाचू लागले. नोकरी करून धावणारे दुसरे लोक कसे जमवतात, हे मला पाहायचे होते. जपानमधल्या युकी कावाउची या धावपटूची माहिती मिळाली. तो सैतामा प्रांताच्या सरकारी नोकरीत होता आणि एका शाळेच्या कार्यालयात पूर्ण वेळ काम करत असे. त्याचे काम दुपारी सुरू होऊन रात्री संपे, म्हणून तो सकाळी सराव करी. 16 एप्रिल 2018 रोजी अमेरिकेतल्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये कडाक्याची थंडी होती, पाऊस होता आणि वारा समोरून होता. नामांकित धावपटू मागे पडले आणि हा सरकारी नोकर 2 तास 15 मिनिटे 58 सेकंदांत पहिला आला! 2019 मध्ये त्याने नोकरी सोडली आणि तो पूर्ण वेळ धावपटू झाला. पण मला त्याच्या विजयापेक्षा दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटली. मोठे धावपटू बहुतेक वेळा दिवसातून दोनदा सराव करतात; हा एकदाच करी. नोकरीला जेवढे द्यायचे तेवढे देऊन जे उरते, त्यात बसेल एवढाच सराव त्याने आखला होता. रॉजर बॅनिस्टरचेही तसेच. लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेताना तो जेवणाच्या सुटीत थोडा वेळ धावे. आणि 6 मे 1954 रोजी त्यानेच एक मैलाचे अंतर जगात पहिल्यांदा चार मिनिटांच्या आत पार केले.

मी नवे वेळापत्रक केले. आठवड्यातून तीनच दिवस धावायचे. रात्रपाळीनंतर कधीही नाही, आधी झोप. खिडकीला जाड पडदा लावला. सासूबाईंनी तर दारावर कागदच चिकटवला: "आत सिस्टर झोपल्या आहेत." दूधवाला त्या दिवसापासून बेल वाजवत नाही.

आणि जेवण. धावताना आपले शरीर चरबी वापरते, तशीच भात, भाकरी, पोळी यांतून मिळालेली साखरही वापरते. ही साखर यकृतात आणि स्नायूंत साठवलेली असते. पण तो साठा थोडा असतो. तो संपत आला की पाय जड होतात आणि डोकेही नीट चालत नाही, कारण मेंदूलाही मुख्यतः साखरच लागते. मी भात बंद करून नेमके ते इंधनच काढून घेतले होते. आता धावायला जाण्यापूर्वी मी एक केळे किंवा दोन खजूर खाते. आल्यावर मोड आलेल्या मटकीची उसळ, ज्वारीची भाकरी, कधी अंडे, कधी बांगडा. उसळीवर लिंबू पिळते, कारण त्यामुळे अन्नातले लोह शरीरात चांगले शोषले जाते. चहाने उलटे होते. म्हणून जेवणाबरोबर चहा घेत नाही. चहा सोडलेला नाही. ते मला जमणार नाही!

रात्रपाळीसाठी पहिला डबा तेव्हाच सुरू झाला. तो रात्री बाराच्या आत खायचा: पोळी, भाजी, डाळ, भात. दुसरा डबा 2023 च्या रमजानमध्ये आला. माझी सहकारी पहाटे साडेचारच्या सुमारास वॉर्डाच्या मागच्या छोट्या खोलीत सहरी करी. एके रात्री तिने मलाही बसवले. तिच्या डब्यात दही, पराठा आणि उकडलेली अंडी होती. "एकटीनं खायला बरं वाटत नाही," ती म्हणाली. आम्ही आळीपाळीने वॉर्डावर नजर ठेवत जेवलो. त्या पहाटे सहा वाजता माझे डोळे मिटत नव्हते. दुसऱ्या दिवसापासून मी माझा छोटा डबा आणू लागले. रमजान संपला, ईदचा शिरखुर्मा खाऊन झाला, पण पहाटेचा डबा चालूच राहिला.

वजन? दोन किलो वाढले. मैत्रिणी आता "छान दिसतेस" म्हणत नाहीत. हिमोग्लोबिन मात्र 12.4 झाले.

जानेवारी 2024 मध्ये मी हाफ मॅरेथॉन धावले. पहाटेच्या अंधारात सी लिंकवर खारा वारा अंगावर येत होता. पेडर रोडचा चढ लागला तेव्हा आजूबाजूचे बरेच जण चालू लागले. मीही थोडी चालले. त्यात मला काही कमीपणा वाटला नाही. खिशातले खजूर तिथेच खाल्ले. मरीन ड्राइव्हवर ऊन आले होते. शेवटची रेघ ओलांडली तेव्हा घड्याळात 2 तास 41 मिनिटे झाली होती. माझ्या पुढे हजारो लोक होते. मुलाने विचारले, "आई, तुझा नंबर कितवा?" मी म्हटले, "मोजायला बस, संध्याकाळ होईल."

त्या रात्रीची सुटी मी दोन महिने आधीच अर्ज देऊन घेतली होती. सोमवारी दुपारपाळी होती. जिना उतरताना पाय इतके दुखत होते, की मी कठडा धरून एकेक पायरी उलटी उतरत होते. वॉर्डातले रुग्ण हसत होते. संध्याकाळी जेवणाआधीच्या इन्शुलिनची वेळ झाली. मी कागद वाचला, सिरिंज भरली आणि सहकारीसमोर धरली. तिने चष्मा वर करून रेघा मोजल्या.

"किती?" तिने विचारले.

"बारा."

"बारा," ती म्हणाली. "आणि डबा खाल्लास का?"