माकणीच्या पाण्यात उतरण्याआधी

चि. लाडक्या भाचीस,


मैत्रिणींना घेऊन माकणीच्या निम्न तेरणा धरणावर कयाक चालवायला निघालीस, फार आनंद झाला. सामानाची यादी वाचली. पण पोहता कुणाकुणाला येतं, हे तिच्यात कुठंच नाही.

ते आधी विचार, एकेकीला बाजूला घेऊन. 2016 च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा तुम्ही शाळकरी पोरी होतात. आपल्या धाराशिवातही विहिरी कोरड्या. पाठीला डबा बांधून पोहायला शिकणार कुठं? त्यातून पोरींना विहिरीत उतरू देणारी घरं मोजकीच. म्हणून ‘थोडंफार येतं’ या उत्तरावर विसंबू नकोस. रिओ ऑलिम्पिकमध्ये नौकानयनात तेरावा आलेला दत्तू भोकनळ चांदवड तालुक्यातल्या दुष्काळी तळेगाव रोहीचा. तोही आधी पाण्याला बिचकायचा, सैन्यात गेल्यावर वल्हं हातात धरलं.

पहिला तास काठालाच घालवा. कमरेएवढ्या पाण्यात, लाइफ जॅकेट घालून, प्रत्येकीनं मुद्दाम कयाक उलटी करायची. जॅकेट खांद्याला धरून वर ओढून बघ. कानापर्यंत सरकलं तर पट्टे आवळ. उलटल्यावर काठाकडे धडपडत सुटायचं नाही, नावेलाच धरून राहायचं. हे अंगवळणी पडेपर्यंत कुणी आत जायचं नाही.

काठ मात्र पारखून घे. शेतकऱ्यांच्या मोटारी, पाइप, विजेच्या केबली असतील तिथून लांब राहा. पाणी ओसरलेल्या जागी गाळात पाय रुततो, आणि तुमच्या हवेच्या कयाकला वेड्या बाभळीचा एक काटा पुरे. पाण्याखाली खोडं, जुन्या विहिरी, टाकलेली जाळी कुठं आहेत, हे तिथल्या मच्छीमारांना विचार. पाटबंधारे खात्याची परवानगी तर हवीच.

सकाळी लवकर उतरा, दुपारकडे वारा वाढतो. जाताना वाऱ्याला तोंड देऊन वल्हवा, म्हणजे दमून परतताना तो पाठीशी राहील. कच्च्या मुली मध्ये, पक्क्या पुढे आणि मागे. वल्हं उभं धरलं तर ‘या’, आडवं धरलं तर ‘थांबा’. शिट्टी जॅकेटलाच बांधा. जीन्स नको, भिजली की जड होते.

आणि पोहता न येणारीला घरी ठेवू नकोस गं. दोघींच्या कयाकमध्ये पक्क्या मुलीबरोबर बसव. तुझ्या आईची समजूत मी काढते. तू फक्त नक्की किती जणी ते कळव; जॅकेट एकही कमी पडता कामा नये.

तुझी,
मावशी