तुमचा आवडता कोणता?

आवडीनिवडीची चर्चा वरवर पाहता रिकाम्या वेळची करमणूक वाटते. परंतु माणसे ज्या तळमळीने ती करतात ती पाहिली, की तिच्या मुळाशी काही निराळेच असले पाहिजे अशी शंका येते. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायणा'ची ५६ गीते आठवड्याला एक या क्रमाने प्रसारित झाली. त्यांतले सर्वांत सरस गीत कोणते, यावर मराठी घरांतून अद्याप वाद होतात आणि अद्याप कोणी हरलेले नाही. वाद घालणाऱ्याला तरी निकाल कुठे हवा असतो? आपल्याला जे भावले ते दुसऱ्याच्या कानी घालावे, एवढीच त्याची इच्छा असते.

आमच्या धर्मग्रामातील तरुणांचा असाच एक वाद मी अनेक वर्षे ऐकत आलो आहे. त्यांचा विषय मात्र वाचकांपैकी काहींना अनोळखी वाटेल. 'इंडियन ओशन' नावाचा दिल्लीचा एक वाद्यवृंद आहे. सुस्मित सेन या गिटारवादकाने आणि अशीम चक्रवर्ती या तबलावादक गायकाने १९९० साली तो उभा केला. पुढे बास गिटार वाजवणारे राहुल राम आणि ड्रम्स वाजवणारे अमित किलम त्यांना येऊन मिळाले. रॉक संगीत म्हटले की आमच्या पिढीच्या कपाळाला आठी पडते. येथे मात्र गिटारच्या शेजारी तबला बसतो, आणि शब्द लोकगीतांतून, संतवाणीतून व प्रार्थनेतून येतात. चित्रपटसृष्टीच्या छायेत न वाढता ही मंडळी स्वतःच्या बळावर उभी राहिली, याचे आमच्या मुलांना विशेष कौतुक आहे.

ही मुले म्हणजे मोसंबीच्या पट्ट्यातल्या शेतकऱ्यांची आणि शेतमजुरांची लेकरे. 'जालना, सोने का पालना' ही म्हण आमच्या जिल्ह्यात सर्वतोमुखी आहे. परंतु २०१२-१३ च्या दुष्काळात मोसंबीच्या बागाच्या बागा वाळून सरपण झाल्या, आणि त्यानंतर कित्येक घरांतील तरुण चाकणला, पुण्याला, मुंबईला पोटामागे गेले. नाताळात ते घरी येतात. मध्यरात्रीची मिस्सा आटोपली, की चर्चच्या आवारात शेकोटी पेटते आणि कोणीतरी काडी टाकते : "तुमचा आवडता अल्बम कोणता?"

मग प्रत्येकजण आपली बाजू मांडतो. एकाला 'डेझर्ट रेन' सर्वांत प्रिय. १ जानेवारी १९९७ रोजी दिल्लीत सफदर हाश्मींच्या स्मरणार्थ झालेल्या कार्यक्रमातील ते थेट ध्वनिमुद्रण आहे. हा मुलगा चाकणच्या कारखान्यात यंत्रावर काम करतो. तो म्हणतो, "फादर, दिवसभर सारखे माप घेऊन कंटाळा येतो. ह्यात काही पुसून, घासून गुळगुळीत केलेले नाही. माणसे समोर बसून वाजवताहेत असे वाटते."

धडगावच्या बाजूला परिचारिका म्हणून काम केलेली एक मुलगी २००० सालच्या 'कांदिसा'चा पक्ष घेते, तो त्यातल्या 'मा रेवा' या गीतासाठी. राहुल राम यांनी परदेशातून डॉक्टरेट घेऊन आल्यावर काही वर्षे नर्मदा बचाव आंदोलनात काढली. नर्मदामाईचे हे लोकगीत त्या खोऱ्यातूनच त्यांच्याकडे आले. तेव्हाच्या धुळे आणि आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील मणिबेलीसारखी आदिवासी गावे सरदार सरोवराच्या पाण्यात गेली. त्या डोंगरांतील पाड्यांवर जिने सुया टोचल्या आणि बाळंतपणे केली, तिला हे गीत केवळ गीत म्हणून ऐकता येत नाही.

तिसऱ्याचे मत २००३ सालच्या 'झिनी'ला. त्यात कबीराची झिरझिरीत चादर आहे आणि 'नाम म्यो हो' हा जपानी बौद्ध परंपरेतला जपही आहे. या मुलाच्या वडिलांचे घर ख्रिस्ती आणि आजोळ बौद्ध. आमच्या मराठवाड्यात अशी घरे पुष्कळ आहेत. तो विशेष काही युक्तिवाद करीत नाही. "माझी दोन्ही घरे ह्यात आहेत," एवढेच म्हणतो, आणि त्यावर प्रतिवाद करणे कोणालाच जमत नाही.

मुंबईला राहणारा एकजण 'ब्लॅक फ्रायडे'चे नाव घेतो. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत झालेल्या बॉम्बस्फोटांवरचा हा चित्रपट २००४ साली तयार झाला. परंतु खटल्याचा निकाल बाकी असल्याने न्यायालयाने त्याचे प्रदर्शन रोखले, आणि तो २००७ साली पडद्यावर आला. त्यातील 'बंदे' हे गीत ऐकताना लोकलच्या गर्दीतले अनोळखी चेहरे आपल्याला आपले वाटू लागतात, असे तो सांगतो.

माझे मत विचारले, तर मी 'कांदिसा' म्हणतो. मात्र माझे कारण त्या परिचारिकेहून वेगळे आहे. पुण्याच्या सेमिनरीत माझ्या शेजारच्या खोलीत केरळचा एक सिरो-मलबार सहाध्यायी असे. पहाटे चापेलमध्ये एकटाच असला, की तो अगदी खालच्या आवाजात एक जुनी सिरियाक प्रार्थना गाई. परमेश्वराला पवित्र, समर्थ आणि अमर अशा तीन नावांनी हाक मारून दयेची याचना करणारी ती प्रार्थना. गुड फ्रायडेच्या उपासनेत आपणही हाच त्रिवार घोष करतो, हे जाणत्या वाचकांच्या लक्षात येईल. सिरियाक ही अरामी भाषेचीच एक शाखा, आणि अरामी म्हणजे प्रभू येशूच्या घरात बोलली जाणारी भाषा. 'कांदिसा' म्हणजे पवित्र. दीक्षेनंतर काही काळाने त्या मित्राने मला एक ध्वनिफीत पाठवली. तिच्या शेवटी गिटार आणि ड्रम्स यांच्या लाटांवर तीच पहाटेची प्रार्थना चढत गेलेली ऐकली, तेव्हा मी यंत्र बंद करून काही वेळ तसाच बसून राहिलो. केरळच्या ख्रिस्ती जनांनी शतकानुशतके जपलेले शब्द दिल्लीतल्या चार कलावंतांनी उचलले होते, आणि आता ते जालना जिल्ह्यातील एका खेड्यात माझ्या टेबलावर येऊन पोहोचले होते.

त्या सिरियाक भाषेच्या इतिहासात या वादाला उपयोगी पडेल अशी एक हकीकत आहे. इसवी सन १७० च्या सुमारास तातियान नावाच्या विद्वानाने चारही शुभवर्तमाने एकत्र गुंफून एकच सलग कथा तयार केली. 'दियातेस्सारोन' हे तिचे नाव. सिरियाक ख्रिस्तसभांत ती फार लोकप्रिय झाली आणि उपासनेतही वाचली जाऊ लागली. सोय मोठी होती. पुनरुक्ती नाही, विसंगती नाही, मत्तय खरा की योहान हा प्रश्नच नाही. तरीही ख्रिस्तसभेने ही सोय कायमची स्वीकारली नाही. पाचव्या शतकात सायरस येथील महागुरू थिओडोरेट यांनी आपल्या प्रदेशातून त्या ग्रंथाच्या दोनशेहून अधिक प्रती गोळा करून बाजूला ठेवल्या आणि त्यांच्या जागी चार वेगवेगळी शुभवर्तमाने दिली. लूकची करुणा ज्याला भिडते त्याने लूक हृदयाशी धरावा, मार्कची घाई ज्याला भावते त्याने मार्क वाचावा. परंतु कोणी कोणाला पुसून टाकू नये, असा तो निर्णय होता. शेकोटीभोवतीचा वाद ऐकताना मला हे आठवते. तेथे कोणी जिंकत नाही यातच त्या बैठकीची शोभा आहे.

परंतु या वादाला एक अवघड वळणही होते. अशीम चक्रवर्ती २५ डिसेंबर २००९ रोजी, ऐन नाताळच्या दिवशी, निवर्तले. त्यांचा आवाज ज्यात आहे तो '१६/३३० खजूर रोड' हा अल्बम त्यांच्या पश्चात २०१० साली बाहेर पडला. दिल्लीच्या करोलबागेतील ज्या जुन्या घरात ही मंडळी तालीम करीत, त्या घराचा पत्ता हेच त्या अल्बमचे नाव. त्यातली गाणी त्यांनी रसिकांना विनामूल्य दिली. पुढे तबल्यावर तुहीन चक्रवर्ती आणि गायनाला हिमांशु जोशी आले. २०१३ साली सुस्मित सेनही बाहेर पडले आणि त्यांच्या जागी निखिल राव आले. २०१४ च्या 'तंदानू'त शुभा मुद्गल, विश्वमोहन भट्ट, शंकर महादेवन असे पाहुणे कलावंत सामील झाले. आता हा तोच वाद्यवृंद म्हणावा का? आमच्यातला एक तरुण येथे ठाम असे. "अशीमदा गेल्यावर तो संपला. उरले ते नाव," असे म्हणून तो उठून जाई.

त्याच्या या ठामपणाचा अर्थ आम्हा सर्वांना २०१६ साली उमगला. त्या पावसाळ्यात आमचे मास्तर वारले. धर्मशिक्षणाचे काम करणारे मास्तर हेच आमच्या गायनाचा कणा होते. पेटीवर त्यांची बोटे आणि भजनी ठेक्यावर त्यांचा जरा घोगरा, उंच आवाज. रेव्हरंड टिळकांचे अभंग असोत की मिस्सेतील गीते, गावाने ती त्यांच्याच तोंडून शिकलेली. 'अशीमदा गेले आणि संपले' असे म्हणणारा तो तरुण मास्तरांचा नातू. लहानपणापासून आजोबांच्या शेजारी बसून तो ढोलकी वाजवी; गात मात्र कधी नसे.

मास्तरांच्या निधनानंतरचा तो पहिला नाताळ जवळ आला. गायकवृंदाची तालीम दोनदा ठरली आणि दोनदा मोडली. "मास्तर गेले, संगं गाणं बी घेऊन गेले," असे म्हातारी माणसे म्हणू लागली. अशात एकाने सुचवले की मास्तरांची गाणी कोणीकोणी मोबाइलवर घेऊन ठेवली आहेत. मध्यरात्रीच्या मिस्सेला तीच कर्ण्यावर लावावीत. सूचनेमागे प्रेम होते आणि बायकांचे डोळे भरून आले होते. तरी मला नाही म्हणावे लागले. ३ सप्टेंबर १९५८ रोजी रोमहून पवित्र संगीताविषयी जे सूचनापत्र निघाले, त्यात ग्रामोफोनसारखी यंत्रे उपासनेत वाजविण्यास स्पष्ट मनाई आहे. केवळ नियम सांगून दुःखी माणसांचे समाधान होत नाही, म्हणून मी त्यामागचा विचार सांगितला. मिस्सा ही समोर हजर असलेल्या माणसांची अर्पणक्रिया आहे. कोणाचे मुद्रित 'आमेन' आपल्या 'आमेन'ऐवजी चालत नाही. मास्तरांचा आवाज घरी अवश्य ऐका, रडा, लेकरांना ऐकवा. वेदीसमोर मात्र आपल्यालाच गावे लागेल. बेसूर झाले तरी चालेल.

नाताळच्या रात्री प्रवेशगीताची वेळ आली आणि चर्चमध्ये शांतता पसरली. पेटीपाशी कोणी नव्हते. नातू ढोलकी मांडीवर घेऊन खाली मान घालून बसला होता. तेवढ्यात मागच्या रांगेतून मास्तरांच्या पत्नीने गीत धरले. त्यांचा स्वर मास्तरांहून खालचा, आणि चालही थोडी निराळी होती. नातवाने चमकून मागे पाहिले. "आज्जी, हे असं नाही," तो पुटपुटला. म्हातारीने पुढची ओळ तशीच पूर्ण केली, आणि मग म्हणाली, "बाळा, मी त्यांना शिकवलं ते असंच होतं." लग्न होऊन आल्या तेव्हा हे गीत त्यांनी माहेराहून आणले होते, हे त्या क्षणापर्यंत गावात कोणालाही ठाऊक नव्हते. ढोलकी सुरू झाली. दुसऱ्या कडव्याला सारे चर्च गात होते. नातू गायला की नाही हे वेदीवरून मला दिसले नाही, आणि मी त्याला कधी विचारलेही नाही.

आवडत्या अल्बमचा वाद आजही होतो. २०२३ साली 'तू है' आल्यापासून त्यात एका नावाची भर पडली आहे. 'अशीमदांनंतर काही नाही' असे मात्र आता कोणी म्हणत नाही. नातू म्हणतो, "ते गेले हे खरं, फादर. पण त्यांनाही कोणीतरी शिकवलं असेल ना?" आवड म्हणजे केवळ वस्तूची पारख नव्हे. आपल्याला ती कोणाच्या हातून मिळाली याची ती आठवणही असते. म्हणूनच दुसऱ्याच्या आवडीला नावे ठेवली की माणूस दुखावतो, आणि तिचे कारण विचारले की तो मोकळा होतो.

त्या नाताळानंतर आम्ही दोनशे पानांची एक वही केली. गायकवृंदाच्या पेटीवर ती ठेवलेली असते. तिच्यात प्रत्येक गीताचा पहिला शब्द, त्याचा ठेका आणि 'कोणाकडून शिकलो' असा एक रकाना आहे. लग्नासाठी किंवा मृताच्या मिस्सेसाठी लोक माझ्याकडे येतात, तेव्हा मी त्यांना त्यांचे आवडते गीत विचारतो आणि तो रकाना भरायला सांगतो. बहुतेक वेळा तेथे आईचे नाव येते. अनेक ठिकाणी मास्तरांचे आहे. आणि मास्तरांच्या नावासमोर, नातवाच्या अक्षरात, त्याच्या आजीचे.